कोंबडीच्या खाद्यात बाकला : पेरणीआधी चाचणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर मागच्या आठवड्यात बाकला (इंग्रजीत फाबा बीन) या कडधान्याविषयी माहिती आली होती. ब्रॉयलरच्या खाद्यात सोयाबीन पेंडीला हा चांगला पर्याय आहे, परदेशात तो सर्रास वापरतात आणि आपल्याकडे रब्बीत घेता येईल, असा तिचा सूर होता. त्यानंतर आमच्या भागात बी कुठे मिळेल म्हणून विचारणा सुरू झाली. आठवडे बाजारात एक जण बाकल्याच्या बियांची पाकिटं घेऊन बसलेलाही मी पाहिला. मी शिरपूर तालुक्यात ब्रॉयलरचा फार्म चालवते आणि आमचं खाद्य आम्हीच दळतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. आपण छापलेल्या माहितीत चूक काही नव्हती. पण जी गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती ती तीत नव्हती: साधा बाकला खाल्ल्यानं काही माणसांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो प्रश्न माणसांच्या जिवाशी येऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हे सांगते की बाकला मला हवा आहे.

करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याकडे खाद्याची गोणी कंपनीच्या गाडीतून उतरते. आत काय आहे याचा निर्णय त्याच्या हातात नसतो. आमच्यासारखे स्वतःच्या हिमतीवर पक्षी टाकणारे आता खान्देशात थोडेच उरलेत. पिल्लू आमचं, खाद्य आमचं, मर झाली तर ती आमची आणि बाजार पडला तर तोही आमचाच. या धंद्यात शंभरातले पासष्ट-सत्तर रुपये खाद्यावर जातात. मक्याची आम्हाला चिंता नाही. जामनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठेही जा, मका आहे. पण मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के. पिल्लाला सुरुवातीला बावीस-तेवीस टक्के लागतात आणि शेवटच्या टप्प्यात एकोणीस-वीस. मधली सगळी तूट सोयाबीन पेंड भरून काढते. दुसरं काही नाही म्हणून ती आणि तीच. सरकीची पेंड आपल्याकडे हवी तेवढी आहे, खान्देश कापसाचा मुलूख आहे, पण तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी घटकामुळे कोंबडीला ती फारशी चालत नाही. शेंगदाणा पेंड बुरशीची भीती बाळगूनच घ्यावी लागते.

एकाच मालावर अडकून राहण्याचा अर्थ आम्हाला २०२१ च्या पावसाळ्यात कळला. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं आणि पेंड त्याच्या मागोमाग. सरकारला ऑगस्ट महिन्यात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता आणि लाखो पक्षी मारावे लागले होते. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला होता, तो धक्का आमच्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. अशा वर्षात पिल्लू टाकावं की शेड रिकामी ठेवावी, हा हिशोब आम्ही पेंडीचा भाव बघून करत होतो.

पुढे उलटं झालं. सोयाबीनला २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये हमीभाव होता आणि हंगामात बाजारात शेतकऱ्याला तेवढे मिळत नव्हते. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा डीडीजीएस, म्हणजे वाळवलेला चोथा, बाजारात आल्यानं पेंडीचा भाव दबला. भाव दबलेला असताना बाकल्याचा विषय कशाला, असं मला बरेच जण विचारतात. मला वाटतं, विषय काढायचा तर तेव्हाच. एखाद्या नव्या पिकाची चाचणी म्हणजे तीन-चार हंगाम. पेंड पुन्हा किलोला नव्वद रुपयांना भिडल्यावर प्रयोग सुरू करून उपयोग नसतो. आणि डीडीजीएसवर माझा भरवसा नाही. धान्यातला स्टार्च निघून गेला की उरलेल्या मालात प्रथिनं तिपटीच्या आसपास वाढतात, तशीच बुरशीची विषंही वाढतात. मका ओला असेल तर ते थेट पिल्लाच्या यकृतावर येतं.

बाकल्याचा मोठा गुण आपल्या लेखात एका ओळीत उरकला होता. सोयाबीन कच्चं खाऊ घालता येत नाही. त्यातला ट्रिप्सिन रोधक घटक प्रथिनं पचू देत नाही, म्हणून ते भाजावं लागतं, आणि तेल काढायला सॉल्व्हंट प्लांट लागतो. शेतकरी सोयाबीन विकतो आणि पेंड विकत घेतो, मधली सगळी साखळी दुसऱ्याच्या हातात. पेंड नीट शिजलेली नसेल तर काय होतं ते मी आमच्या शेडमध्ये पाहिलं आहे. एका व्यापाऱ्याकडून आलेला लॉट दिसायला पिवळसर, वासाला कच्चा, शेंगेसारखा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लांच्या विष्ठेत न पचलेलं खाद्य दिसायला लागलं. पाण्याच्या भांड्यांखालची गादी ओली झाली, तूस हातात घेतलं तर गोळा व्हायचा आणि अमोनियानं डोळे चुरचुरायचे. पिल्लं खात होती, पण अन्नपिशवी भरलेली असूनही छाती भरत नव्हती. बाकल्यात हा ट्रिप्सिन रोधक सोयाबीनच्या मानानं फारच कमी असतो. तो भाजावा लागत नाही, त्याचं तेल काढावं लागत नाही. शेतातून आलेला वाळलेला दाणा भरडून सरळ मिक्सरमध्ये टाकता येतो. प्लांटची गरज नसलेलं प्रथिन म्हणजे आमच्यासारख्यांना केवढा आधार!

बाकल्याच्या दाण्यात प्रथिनं पंचवीस ते तीस टक्के आणि स्टार्च चाळीसच्या आसपास. म्हणजे तो पेंडही नाही आणि धान्यही नाही, दोन्हींच्या मधला आहे. हिशोब सोपा आहे. वीस किलो बाकल्यातून साधारण साडेपाच किलो प्रथिन मिळतं. दहा किलो सोया पेंड आणि दहा किलो मका एकत्र केला तरी जवळपास तेवढंच मिळतं. म्हणजे एक किलो बाकला आला की अर्धा किलो पेंड आणि अर्धा किलो मका बाहेर. प्रथिनाचे जे घटक कोंबडीला लागतात त्यांतलं लायसिन बाकल्यात चांगलं असतं. मिथिओनिन मात्र फार कमी, त्यामुळे खाद्यात वीस टक्के बाकला घातला तर टनामागे साधारण चारशे ग्रॅम मिथिओनिन जास्तीचं घालावं लागेल. ऊर्जाही थोडी कमी पडते, तिच्यासाठी टनाला पाच-सहा किलो तेल. हे न करता नुसता पेंडीच्या जागी बाकला ओतणारा शेतकरी पिसं न भरलेले, हलके पक्षी बघून बाकल्याला शिव्या देईल, आणि दोष बाकल्याचा नसेल.

वीस टक्के हेही शेवटच्या टप्प्याचं प्रमाण. लहान पिल्लाला पाच-दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. आणि परदेशात बाकल्याचे जे चांगले निकाल येतात त्यात बरेचदा खाद्य वाफेवर दाबून गोळी केलेलं असतं, त्यानं स्टार्च नीट पचतो. आमच्यासारखे भरड खाद्य घालणारे त्या निकालांची बरोबरी लगेच करू शकणार नाहीत.

आता टॅनिनचं बघू. माझा मावसभाऊ कामानिमित्त पाटण्याकडे असतो, त्यानं मला थोडा बाकला आणून दिला. बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि झारखंडकडे तो पूर्वीपासून पेरतात, हिरव्या शेंगांची भाजी करतात. दाणा तपकिरी, चपटा, एका कडेला काळा डोळा. दाताखाली फोडला तर आतला गर पिठूळ आणि चवीला बरा, पण साल चघळली तर कच्च्या केळ्याच्या सालीसारखं तोंड आवळून येतं. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि ते जवळजवळ सगळं सालीत असतं. कोंबडीच्या पोटात हेच टॅनिन प्रथिनाला चिकटून बसतं आणि ते पचू देत नाही. साल दाण्याच्या वजनात बारा-पंधरा टक्के असते.

साल काढायची म्हटल्यावर खान्देशातल्या माणसाला दुसरीकडे बघायची गरज नाही. जळगावला डाळ मिल आहेत, देशभर तूर, मूग, उडीद, हरभऱ्याची डाळ तिथून जाते. माझे दीर अशाच एका मिलमध्ये कामाला आहेत. त्यांनी तो बाकला रोलमधून काढून बघितला. रोलला लागल्याबरोबर साल सुटून वेगळी होत होती आणि पिवळसर डाळ खाली पडत होती. तिथला मिस्त्री म्हणाला, "तूरपेक्षा सोपं शे हाई, ताई. याले तेल बी लावनं पडत नही." ती डाळ मी चघळून पाहिली, तुरटपणा जवळपास गेला होता. साल काढलेल्या दाण्यात प्रथिनं तीस टक्क्यांच्या वर जातात आणि ऊर्जाही वाढते. फोलपट वाया जात नाही. गाई-म्हशींना टॅनिनचा कोंबडीइतका त्रास होत नाही, तुरीची चुनी जशी गोठ्यात जाते तसं हेही जाईल. हंगाम सरला की या मिलच्या बऱ्याच यंत्रांना काम कमी असतं. कोंबडी खाद्यवाल्यांनी आणि डाळ मिलवाल्यांनी एकत्र बसून बोलावं, असं हे काम आहे. विदर्भ-मराठवाड्याकडे सोयाबीन आहे, सॉल्व्हंट प्लांट आहेत. आपल्याकडे डाळ मिल आहेत, ते आपलं बळ आहे.

साल काढून टॅनिनचा प्रश्न सुटतो. दुसरा प्रश्न साल काढून सुटत नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

बाकल्याच्या आतल्या डाळीत व्हायसिन आणि कॉनव्हायसिन नावाचे दोन घटक असतात. नेहमीच्या वाणात दोन्ही मिळून दाण्याच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का. साल काढली तर डाळीत त्यांचं प्रमाण उलट किंचित वाढतं. नुसत्या उष्णतेनंही ते पूर्ण जात नाहीत. ब्रॉयलरच्या वाढीवर त्यांचा फारसा परिणाम दिसत नाही. पण अंड्यावरच्या कोंबडीत अंडं लहान होतं, म्हणून नवापूरसारख्या लेअरच्या भागात खाद्य मिसळताना बाकला त्या शेडमध्ये जाणार नाही याची काळजी घ्यावी लागेल.

कोंबडीपेक्षा मला माणसांची काळजी जास्त आहे. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम कमी असतं. ही कमतरता मुलग्याला आईकडून मिळते आणि मुलग्यांत जास्त दिसते. एरवी अशा माणसाला काही त्रास नसतो, त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. पण त्यानं बाकला खाल्ला, विशेषतः हिरवा ओला दाणा, तर एक-दोन दिवसांत रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. अंग पांढरं पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी येते. लहान मुलाला वेळेवर रक्त मिळालं नाही तर ते दगावूही शकतं. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत हा आजार जुना आहे आणि त्याला बाकल्याच्याच नावानं ओळखतात. आपल्याकडे आरोग्य केंद्रातल्या लोकांना जी-सिक्स-पीडी माहीत असतं ते हिवतापाच्या प्रायमाक्विन गोळीमुळे, कारण तीही अशा माणसाला चालत नाही.

सातपुड्याच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी बरीच वर्षं चालू आहे, लोकांना तो आजार नावानं माहीत झाला आहे. जी-सिक्स-पीडीची कमतरताही भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत आढळते. आता डोळ्यांसमोर आणा. अक्कलकुवा, धडगाव, शहादा किंवा आमच्याच तालुक्याच्या उत्तरेकडच्या पाड्यांवर कोंबडी खाद्यासाठी म्हणून बाकला पेरला. जानेवारीत शेताच्या बांधावर हिरव्यागार जाड शेंगा लटकल्या आहेत. हरभरा सोलून खाणारी, वालाच्या शेंगा उकडून खाणारी आपली पोरं त्या शेंगा सोडतील? शाळेतून येता-जाता तोडून खातीलच. बायाही भाजी करतील, आणि का करू नये, दिसायला वालाची बहीण आहे. पाकीट विकणाऱ्यानं मला हेच सांगितलं, "भाजी बी व्हस आन दाणा कोंबडीले बी चालस." त्याला दोष देत नाही, त्याला हे कोणी सांगितलेलंच नसेल. बिहारकडे लोक पिढ्यान् पिढ्या खातात हे खरं. पण आपल्या पाड्यांवर हे नवं अन्न असेल, आणि मूल आजारी पडलं तर डॉक्टरांच्या मनातही बाकला पटकन येणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो बियाण्यातच आहे. १९८९ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी ग्रीसकडच्या बाकल्यात असा एक प्रकार नोंदवला ज्यात व्हायसिन फारच थोडं होतं, नेहमीच्या दहा ते वीस पटींनी कमी. त्यावरून युरोपात कमी व्हायसिनचे वाण तयार झाले. २०२१ मध्ये यामागचं जनुकही सापडलं, त्यामुळे आता रोपाच्या पानावरून तपासणी करता येते. टॅनिन नसलेले वाणही आहेत. दोन्ही कमी असलेले वाणही आहेत. खान्देशात पेरायचा तर यातलाच पेरावा, दुसरा नको, असं माझं ठाम मत आहे.

इथे एक घोटाळा होऊ शकतो. टॅनिन नसलेल्या बाकल्याचं फूल पूर्ण पांढरं असतं. त्यामुळे "पांढऱ्या फुलाचा सुरक्षित बाकला" अशी जाहिरात सुरू व्हायला वेळ लागणार नाही. पण नेहमीचा बाकलाही लांबून पांढराच दिसतो, जवळ गेल्यावर पाकळीच्या पंखावर काळा डाग दिसतो. तो डाग नसेल तरच ते बिनटॅनिनचं. आणि डाग नसला तरी त्यावरून व्हायसिनचा काहीच अंदाज येत नाही. टॅनिन फुलावरून कळतं, व्हायसिन फक्त प्रयोगशाळेत कळतं. पूर्ण पांढऱ्या फुलाचे, पण व्हायसिन भरपूर असलेले वाण आहेत. शिवाय बाकल्याला मधमाश्या फार येतात आणि शेजारच्या शेतातला पराग सहज मिसळतो. कमी व्हायसिनचा गुण दबका आहे, दोन्हींकडून आला तरच टिकतो. म्हणजे चांगलं बी आणून घरचं घरचं पेरत राहिलं आणि आजूबाजूला कोणी साधा बाकला लावला, की दोन-तीन वर्षांत घरचं बीही भरवशाचं राहणार नाही. एका गावानं एकच वाण लावायचा, आणि बी दरवर्षी खात्रीच्या जागेवरूनच घ्यायचं, असं ठरवावं लागेल.

शेतकऱ्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर आम्ही फक्त कोंबडीवाल्यांचं बघतो असं होईल. आमचे जेठ, जिभाऊ, हरभरा आणि दादर (रब्बी ज्वारी) करतात. त्यांना मी बाकल्याविषयी सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "हरभरा सोडीसन हाई काबर पेरू?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. सोया पेंड किलोला चाळीस रुपये आणि मका बावीस धरला, तर वर सांगितल्याप्रमाणे बाकल्याची किंमत निघते एकतीस. त्यातून जास्तीचं मिथिओनिन आणि तेल वजा केलं तर मी शेतकऱ्याला सत्तावीस-अठ्ठावीसपेक्षा जास्त देऊ शकत नाही, म्हणजे क्विंटलला पावणेतीन हजारांच्या आसपास. हरभऱ्याचा हमीभाव २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामात ५,६५० होता. निम्म्या भावात माल विकायचा तर उतारा दुप्पट हवा. इंग्लंड-फ्रान्सकडे चांगल्या वर्षी बाकला हेक्टरी पस्तीस-चाळीस क्विंटल होतो कारण त्यांचा थंड हंगाम लांबलचक आहे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी पेरलं तर फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं, आणि फुलात असताना उष्णता लागली तर बाकल्याची फुलं गळतात. हरभऱ्याच्या चांगल्या जमिनीत बाकला लावा असं मी कोणालाच सांगणार नाही.

पण हरभरा जिथे टिकत नाही अशा जमिनी खान्देशात कमी नाहीत. कालव्याखालच्या चिबड जमिनी बघा. तापीकाठी काळी भारी जमीन आहे, प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे पाणीही आहे. पाणी साचलं की हरभरा मान टाकतो. जिथे वर्षानुवर्षं हरभऱ्यावर हरभरा घेतला तिथे मर रोग मातीत मुरून बसला आहे. रब्बी कडधान्यांत ओल सोसण्याची ताकद बाकल्यात सर्वांत चांगली, आणि हरभऱ्याची मर करणारी बुरशी बाकल्याला मारत नाही. शिवाय तो मातीत नत्र भरपूर बांधतो, पुढच्या कापसाला किंवा मक्याला त्याचा फायदा मिळतो. मावा मात्र येतो, आणि कोवळ्या शेंड्यांवर इतका दाट बसतो की लक्ष ठेवलंच पाहिजे. खरिपाचा मका काढल्यावर अशा जमिनीत गव्हाऐवजी बाकला परवडतो का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपल्या मातीत पेरून, मोजूनच मिळेल.

हे मोजण्याचं काम माझ्यासारखीनं चार वाफ्यांत करून चालणार नाही. बाकल्यावर देशात काम झालेलंच नाही असंही नाही. हिसारच्या कृषी विद्यापीठानं आणि पाटण्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं वाण काढले आहेत. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, जळगावला तेलबिया संशोधन केंद्र आहे, ममुराबाद, पाल, धुळे आणि नंदुरबारला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. त्यांनी येत्या रब्बीत दोन-तीन प्रकारच्या जमिनींत लहान प्लॉट घ्यावेत. कमी टॅनिनचे आणि कमी व्हायसिनचे वाण रीतसर मागवावेत, त्यांच्या शेजारी हिसार-पाटण्याचे वाण लावावेत आणि प्रत्येकाच्या दाण्यातलं व्हायसिन तपासून आकडा जाहीर करावा. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठानं त्यातून निघालेल्या मालाची, साल काढलेला आणि न काढलेला, ब्रॉयलरवर चाचणी घ्यावी, तीही भरड खाद्यात आणि शक्य तर एप्रिल-मेमध्ये. जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पक्षी खायचं कमी करतो, आणि थंड देशातले आकडे त्या दिवसांत कामाला येत नाहीत. त्या चाचणीसाठी शेड, पक्षी आणि मजुरी द्यायला मी आणि माझ्या ओळखीचे आणखी काही कोंबडीवाले तयार आहोत. डाळ मिलचं माझ्या दिरांनी बोलून ठेवलं आहे.

आणि ते होईपर्यंत जिल्हा कृषी अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की आठवडे बाजारात वाणाचं नाव, गाव आणि कुठलाही दाखला नसलेलं बाकल्याचं बी विकलं जाऊ नये, निदान अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर, चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांत तरी. आशाताईंना आणि आश्रमशाळांतल्या शिक्षकांना बाकल्याची शेंग चित्रात दाखवून ठेवावी. एखादं मूल शेंगा खाऊन आलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं, लघवी काळपट झाली, तर त्याला कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधाला नेऊ नये, ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात न्यावं आणि त्यानं बाकला खाल्ला आहे हे डॉक्टरांना सांगावं.

ज्या वाचकांनी गेल्या रब्बीत कुठेही खान्देशात बाकला लावला असेल त्यांनी पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार, फुलाच्या पंखावर काळा डाग होता की नाही, आणि एकरी किती माल निघाला, एवढं आपल्या दैनिकाकडे कळवावं. आपण ते छापलंत तर चाचणी कुठून सुरू करायची हे कृषी विज्ञान केंद्रांना लगेच कळेल.

कळावे,

आपली,
एक ब्रॉयलर उत्पादक वाचक,
ता. शिरपूर, जि. धुळे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)